बोर्ड दिला, पुस्तक नाही दिलं

दिवाळीला नात घरी आली तेव्हा माझ्या टेबलावर भिंग, टॉर्च आणि पत्त्यांच्या कॅटाएवढा एक काळा बोर्ड पडला होता. बघून म्हणाली, "आबा, घड्याळं दुरुस्त करायला लागलात की काय?" मग नीट पाहिलं आणि म्हणाली, "अजून तोच? तिसरा?"

हो, तोच, तिसरा. घड्याळ असतं तर बरं झालं असतं. घड्याळ उघडलं की कुठलं चाक कुणाला फिरवतं ते निदान डोळ्यांना दिसतं. ह्या बोर्डात काहीच फिरत नाही, आणि आत काय आहे ह्याबद्दल बनवणाऱ्याने एक ओळ लिहून ठेवलेली नाही. आज त्याच रागावर लिहितो आहे. विषय तांत्रिक आहे म्हणून नातेवाईक मंडळींनी लगेच पान मिटू नये. मीही मराठी माध्यमातून बी.ए. झालेला मास्तर. मला कळलं ते तुम्हालाही कळेल.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: तळहातावर मावणाऱ्या एकाच पट्टीवर अख्खा संगणक बसवला की त्याला सिंगल बोर्ड कॉम्प्युटर म्हणतात. प्रोसेसर, मेमरी, नेटची केबल लावायची जागा, टीव्हीला जोडायची जागा, सगळं त्या पट्टीवर. हार्ड डिस्कच्या जागी मोबाइलमधलं मेमरी कार्ड. २९ फेब्रुवारी २०१२ ला इंग्लंडातला रास्पबेरी पाय ३५ डॉलरला विक्रीला आला आणि लोकांच्या उड्या पडल्या. पाठोपाठ चीनमधल्या कारखान्यांनी तसेच बोर्ड काढले, त्यांतल्या काहींची नावंही फळांचीच: बनाना पाय, ऑरेंज पाय... मंडईत गेल्यासारखं वाटतं! ह्या बोर्डांवर चालतो तो मुख्यतः लिनक्स, म्हणजे फुकट मिळणारी, उघडून बघता येणारी, हवी तशी बदलता येणारी कार्यप्रणाली. "ओपन सोर्स" हा शब्द ऐकला की आम्हा मास्तर लोकांना आधीच प्रेम वाटतं. विद्या आहे, वाटली पाहिजे, एवढं सरळ.

तर २०१७ साली माझ्या काही माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून गावच्या वाचनालयासाठी पैसे पाठवले. मुलांना संगणक हवे होते. एकाने रास्पबेरी पाय घ्या असं सुचवलं होतं. मी जालावर शोधाशोध केली. दुसऱ्या एका बोर्डात मेमरी दुप्पट आणि किंमत नगामागे बाराशे रुपये कमी! बाराशे गुणिले तीन हा हिशेब तोंडी करून मोकळा झालो. वाचलेल्या छत्तीसशे रुपयांत खुर्च्या आल्या. खुर्च्या अजून चांगल्या आहेत.

तीन वर्षं बोर्डही चांगले चालले. किविक्स नावाची एक सोय आहे, तिच्यामुळे इंटरनेट नसतानाही अख्खा मराठी विकिपीडिया कार्डावर ठेवून वाचता येतो. मुलं तो वाचत, मराठी टंकन शिकत. मग टाळेबंदी आली. वाचनालय पुन्हा उघडलं तोवर ३० सप्टेंबर २०२१ ही तारीख उलटून गेली होती. त्या दिवशी इंटरनेटवरच्या एका जुन्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली, आणि ज्या यंत्रांवरच्या प्रणाली जुन्या होत्या त्यांना कितीतरी संकेतस्थळं उघडेनात. आमच्या तिन्ही बोर्डांवर तेच झालं. मुलं म्हणाली, "सर, कॉम्प्युटर बिघडला."

बिघडलेला नव्हता. बोर्ड ठणठणीत होते. त्यांच्यावरचा लिनक्स म्हातारा झाला होता. विकणाऱ्याने दिला होता तो ३.१० क्रमांकाचा कर्नल. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. हा गाभा जून २०१३ चा, आणि त्याची देखभाल मूळ मंडळींनी नोव्हेंबर २०१७ ला थांबवली. म्हणजे आम्ही बोर्ड घेतले त्याच वर्षी! नवीन वही म्हणून विकत घेतली आणि शेवटची चारच पानं कोरी निघाली, असा प्रकार. विकणाऱ्याच्या पानावर गेलो तर तिथे नव्या बोर्डांच्या जाहिराती. आमच्या बोर्डाचं नावही नाही.

"मग नवा लिनक्स टाका की," असं सगळ्यांनी सांगितलं. ओपन सोर्स ना!

इथेच मला पहिला धडा मिळाला. घरातल्या साध्या पीसीवर कुठलाही नवा लिनक्स टाका, बहुतेक वेळा चालतो. कारण पीसीमधले भाग स्वतःची ओळख सांगतात. नवा मास्तर वर्गात आला की मुलं एकेक करून उभी राहून नाव सांगतात, तसं. ह्या छोट्या बोर्डांवर तसं नाही. तिथली मुलं बोलतच नाहीत. कोण कुठल्या बाकावर बसलंय, कुणाला हाक मारायची तर कुठल्या तारेने, हे आधीच कागदावर लिहून कर्नलच्या हातात द्यावं लागतं. ह्या हजेरीपटाला डिव्हाइस ट्री म्हणतात. पूर्वी तर हा हजेरीपट प्रत्येक बोर्डासाठी कर्नलच्या आतच वेगवेगळा कोरलेला असे, आणि त्या गोंधळाला कंटाळून खुद्द लिनस टोरवाल्ड्स यांनी २०११ साली चांगलाच त्रागा केला होता. त्यानंतर ह्या बोर्डांच्या जगात हजेरीपट वेगळा काढण्याची पद्धत रुजली. पद्धत उत्तम. पण हजेरीपट लिहिणार कोण? ज्याने मुलं बाकावर बसवली त्यालाच तो लिहिता येतो. त्याने नाही लिहिला तर बाहेरच्याने खिडकीतून डोकावून अंदाज बांधायचे.

नात तेव्हा इंजिनिअरिंगला होती. तिने आणि मी ते अंदाज बांधायचं काम केलं. (म्हणजे तिने केलं. मी चहा केला आणि भिंग धरलं.)

पहिले आठ दिवस तर बोर्ड काय बोलतो हे कळण्यातच गेले. पडद्यावर काही दिसत नसेल तर बोर्डावरच्या तीन पिनांना तारा जोडून तो सुरू होताना काय बडबडतो ते दुसऱ्या संगणकावर वाचता येतं. पिना कुठल्या, ते लिहिलेलं नाही. मीटर लावून शोधल्या. जोडल्या, तर पडद्यावर नुसती किडामुंगी, चौकोन आणि उलटे प्रश्नचिन्ह. तारा बदलल्या, केबल बदलली, पुण्याहून दुसरी मागवली. शेवटी कळलं की अक्षरं पाठवायचा वेग चुकत होता. बहुतेक बोर्ड १,१५,२०० ह्या वेगाने बोलतात, हा १५,००,००० ने बोलत होता. एक आकडा! बोर्डाच्या डबीवर छापला असता तर शाईचा थेंबही लागला नसता.

मग नेट चालेना. तिने विकणाऱ्याच्या जुन्या कार्डातून त्याचा हजेरीपट काढला. तो यंत्राच्या भाषेत असतो. तो उलटवून पुन्हा वाचता येईल असा करण्याचं साधन आहे. उलटवला, आणि तिने मला दाखवला. मंडळी, मी आयुष्यभर कॉप्या तपासल्या आहेत, पण असं काही पाहिलं नव्हतं. सगळी माहिती होती आणि काहीही कळत नव्हतं. मूळ लिहिणाऱ्याने भागांना दिलेली नावं गेलेली, बाजूला लिहिलेले शेरे गेलेले. उरले नुसते आकडे: अमका भाग त्रेसष्ट क्रमांकाच्या भागावर अवलंबून, त्रेसष्ट क्रमांकाचा भाग एकोणिसाव्यावर. त्या आकड्यांच्या जंगलातून नेटची चिप जागी करणारी एक पिन शोधायला तिला अख्खी मे महिन्याची सुट्टी लागली. जूनमध्ये दोन बोर्ड सुरू झाले, अगदी ताज्या लिनक्सवर. आजही चालतात.

तिसरा मात्र नाही चालला. त्याच नावाचा, त्याच आवृत्तीचा आकडा छापलेला, त्याच खोक्यातून आलेला. पण त्यातली वायफायची चिप वेगळी निघाली. कारखान्यात त्या आठवड्यात जी स्वस्त मिळाली ती बसवली असणार. सांगायची पद्धत नाही.

आता मुद्द्यावर येतो. कोड उघडा असणं आणि वस्तू समजणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण त्या एकच समजतो. लिनक्सच्या परवान्याप्रमाणे जो कर्नल वाटतो त्याला त्याचा कोडही द्यावा लागतो. समजा दिला. (अनेक जण तेही टाळतात, किंवा वर्षभराने देतात.) त्या कोडात काय असतं? अमुक पत्त्यावर तमुक आकडा लिहा, मग थोडं थांबा, मग दुसरा आकडा लिहा. हाच आकडा का? थांबायचं कशासाठी? ते चिपच्या पुस्तकात, आणि पुस्तक गुप्त. गणिताच्या पुस्तकामागची उत्तरसूची फाडून दिली आणि म्हटलं, घ्या, सगळं गणित दिलं आहे! परीक्षेत तेच प्रश्न आले तोवर ठीक. एक आकडा बदलला की मुलगा बसला पेन चावत.

कॅनडातून चालणाऱ्या ओपनबीएसडी ह्या प्रकल्पाची मंडळी ह्या बाबतीत मला सगळ्यांत सरळ वाटतात. ती फार हट्टी म्हणून प्रसिद्ध आहेत. पण त्यांचं म्हणणं बघा. ड्रायव्हर आम्ही लिहू, तुमचा कोड नको, आम्हाला फक्त कागद द्या, तेही गुप्ततेच्या करारावर सही न मागता. ह्यात हट्ट कुठला? खुर्च्या घेताना मीसुद्धा जोडणीचा कागद मागितलाच होता.

कागद न मिळाल्यावर काय होतं त्याची उदाहरणं ढीगभर आहेत. ऑलविनर ह्या चिनी कंपनीच्या चिपा स्वस्त बोर्डांत खूप वापरल्या गेल्या. त्यांच्यातली मेमरी जागी कशी करायची हे जाहीर कागदांत नव्हतं. जगभरच्या स्वयंसेवकांनी कंपनीच्या बंद फायली उलट्या वाचून ते शोधलं. त्याच कंपनीच्या जुन्या ३.४ कर्नलमध्ये २०१६ साली असं दार सापडलं की एक ठरावीक शब्द एका फाइलमध्ये लिहिला की कुठल्याही ऐऱ्यागैऱ्याला यंत्राची सगळी सत्ता मिळावी. चाचणीसाठी ठेवलेलं आणि बुजवायचं राहिलेलं. आणि माली नावाचा चित्रं काढणारा भाग कितीतरी बोर्डांत असतो. त्याच्यासाठी खुला ड्रायव्हर लिहायचं काम २०१२ मध्ये जाहीर झालं, आणि मुख्य लिनक्समध्ये लिमा आणि पॅनफ्रॉस्ट हे दोन ड्रायव्हर आले जुलै २०१९ मध्ये. सात वर्षं! बालवाडीतलं पोर पाचवीत गेलं. पुढे आर्म कंपनीनेही मदतीचा हात दिला, ते इथे सांगायलाच हवं.

आपल्याकडचं उदाहरण आठवतं. नोव्हेंबर २०१२ मध्ये आकाश-२ हा विद्यार्थ्यांचा स्वस्त टॅबलेट आला, त्यात ऑलविनरचीच ए१३ चिप होती. आयआयटी मुंबईच्या मंडळींनी त्याच्यावर अँड्रॉइडबरोबर लिनक्सही चालवून दाखवला. त्याच सुमारास बाहेरचे स्वयंसेवकही त्या चिपवर खपत होते. मला त्या सगळ्यांचं कौतुक आहे आणि वाईटही वाटतं. एवढी हुशार माणसं, आणि त्यांचा वेळ नवीन काही करण्यात जाण्याऐवजी दुसऱ्याने लपवलेलं शोधण्यात गेला.

हे वाचताना मला सारखे पंडित विष्णु नारायण भातखंडे आठवत होते. पेशाने वकील. एकेका घराण्याचे दरवाजे ठोठावत देशभर हिंडले, उस्तादांकडच्या चिजा मिळवल्या, स्वरलिपीत बसवल्या आणि क्रमिक पुस्तक मालिकेच्या सहा भागांत छापून टाकल्या. घराण्याबाहेर चीज द्यायची नाही हा तेव्हाचा रिवाज. आज गाणं शिकणारं कुठलंही पोर ती पुस्तकं उघडतं आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. कागदावरची चीज म्हणजे गाणं नव्हे, हे गवई सांगतील आणि ते खरंच आहे. पण कागदही नसता तर?

मात्र उस्तादाला मी दोष देणार नाही. चीज हीच त्याची पुंजी, ती दिली की हातात काही उरत नसे. बोर्डवाल्याचं तसं आहे का? त्याने वस्तू विकली, पैसे घेतले. पिना कुठल्या, वेग काय, कुठली चिप कशाला जोडली, हे सांगितल्याने त्याचं काय जातं?

नात म्हणते की आबा, तुम्ही एकच बाजू बघता. तिचं म्हणणं थोडक्यात असं: बोर्ड बनवणाऱ्याला बऱ्याचदा स्वतःलाच माहीत नसतं. चिपचं पुस्तक त्याला गुप्ततेच्या करारावर मिळतं, ते छापायचा हक्क त्याला नाही. चिपवाल्यानेही आतले तुकडे दुसऱ्यांकडून विकत घेतलेले, चित्रांचा एकाकडून, मेमरीचा दुसऱ्याकडून, त्यांचे करार वेगळे. पेटंटच्या खटल्यांची भीती वेगळी. आणि नफा इतका थोडा की जुन्या बोर्डाची कागदपत्रं करायला माणूस बसवला तर नवा बोर्ड निघायचा नाही. ती आता पुण्यात ह्याच कामावर आहे, त्यामुळे तिला ही बाजू आतून दिसते. मान्य. पण करार चिपच्या पोटातल्या गोष्टींचा असेल. बोर्डावर वायफायची चिप बदलली, हे सांगायला कुठला करार आड येतो?

आणि देणारे देतातच की! टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ज्या चिपवर बीगलबोन ब्लॅक हा बोर्ड बनला तिचं पुस्तक चार हजारांहून जास्त पानांचं आहे आणि कुणालाही उतरवून घेता येतं. बोर्डाचे नकाशेही जाहीर आहेत. बल्गेरियातली ओलिमेक्स कंपनी त्याच ऑलविनरच्या चिपा वापरून बोर्ड बनवते आणि अनेक बोर्डांचे नकाशे खुले ठेवते. रास्पबेरी पायची गोष्ट मधली आहे. जुन्या पायमध्ये आधी जागा होतो तो चित्रांचा भाग, तो एक बंद फाइल वाचतो आणि मग मुख्य प्रोसेसरला उठवतो. म्हणजे तोही पूर्ण उघडा नाहीच. पण विक्री सुरू व्हायच्या सुमारास, २०१२ च्या फेब्रुवारीत, त्यांनी चिपच्या जोडभागांचं दोनशे पानांचं पुस्तक बाहेर काढलं. त्यात चुका होत्या, लोकांनी शुद्धिपत्रं केली. चालेल! चुका असलेलं पुस्तक मला चालतं. शाळेत आम्ही दुसरं काय शिकवत होतो?

फार लांब कशाला, जानेवारी १९७८ च्या ॲपल-२ च्या पुस्तिकेत अख्ख्या यंत्राचा नकाशा आणि आतल्या मूळ प्रोग्रॅमची ओळन् ओळ छापलेली होती. ॲपल! आज त्यांची पेटी उघडायला विशिष्ट पेचकस लागतो. असो.

हल्ली कुणी म्हणतात की रिस्क-फाइव्ह आलं आहे, आता सगळं खुलं होईल. मला शंका आहे. तिथे खुली आहे ती प्रोसेसरने पाळायच्या आज्ञांची भाषा. त्या भाषेत बनवलेल्या चिपमधले बाकीचे भाग कसे जागे करायचे, ते बनवणाऱ्याने लिहिलं तर कळणार. व्याकरण सगळ्यांचं म्हणून पत्र थोडंच सगळ्यांना वाचायला मिळतं?

माझं म्हणणं शाळांना आणि वाचनालयांना आहे, कारण तिथे पैसा दुसऱ्याचा असतो. बोर्ड घेताना मेमरी किती हे नंतर बघा. आधी तीन गोष्टी विचारा. नकाशा मिळतो का? चिपचं पुस्तक मिळतं का? आणि मूळ लिनक्समध्ये ह्या बोर्डाचा हजेरीपट आहे का, की फक्त विकणाऱ्याच्या कार्डावर? सरकारी खरेदीत वॉरंटीची अट असते, तशी कागदांचीही घालावी. शेकड्याने बोर्ड घेणाऱ्या गिऱ्हाइकाने मागितलं तर कारखान्याला कागद सापडतात. माझ्यासारख्या तीन नगवाल्याला कोण विचारतो? आणि मुळात मी विचारलंच कुठे होतं? मी किंमत विचारली. ती त्यांनी अगदी स्पष्ट सांगितली.

"चालतंय ना, मग झालं," हे आमच्या भाच्याचं तत्त्व. त्याला त्या जूनमध्ये वाचनालयात आलेली सातवीतली मुलगी दाखवायला हवी होती. तिने विचारलं, "सर, इतके महिने का बंद होतं?" मी म्हटलं, एक आकडा माहीत नव्हता. ती म्हणाली, "कुणाला विचारायचा ना!"

तेव्हापासून दोन्ही चालत्या बोर्डांच्या मागे, प्लास्टिकच्या पाकिटात, मी हाताने लिहिलेली दोन पानं खिळ्याला टांगली आहेत. पिना कुठल्या, वेग किती, कुठलं कार्ड, कुठली आवृत्ती. मराठीत आहेत. नातीने केलेला हजेरीपट तिने मूळ मंडळींकडे पाठवला. पहिल्या खेपेला परत आला, मांडणी नीट नाही म्हणून. (मला फार आनंद झाला. तपासणारा कुणी तरी आहे!) तिसऱ्या खेपेला घेतला.

आता तिसऱ्या बोर्डाचं. वायफायच्या चिपवरची अक्षरं भिंगातून वाचली, पण शेवटचे दोन आकडे पुसट आहेत. पहिला आठ किंवा तीन, दुसरा काहीच कळत नाही. तुमच्यापैकी कुणाकडे २०१७-१८ च्या सुमारास घेतलेला, काळ्या पट्टीचा, एका कोपऱ्यात पितळी अँटेनाची घुंडी असलेला असा एखादा स्वस्त बोर्ड अडगळीत पडला असेल तर मला कळवा. कुठला ते पत्रात सांगतो, इथे नाव लिहीत नाही. उन्हात धरून, तिरका कोन करून फोटो काढा. फ्लॅश नको, अक्षरं जातात.